दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं का? बोन ग्राफ्टनंतरच्या दोन घड्याळांची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात माझे एक जुने पेशंट दवाखान्यात आले. निवृत्त शिक्षक, वय ६१, दहा वर्षांपासून मधुमेह. खालच्या जबड्यातली एक दाढ काढून बरीच वर्षं झाली होती आणि तिथलं हाड झिजलं होतं. म्हणून इम्प्लांट बसवण्याआधी त्यांच्या दंतवैद्यांनी तिथे बोन ग्राफ्ट केला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तीन दिवस गाल सुजला, ठणका लागला. पाचव्या दिवशी दुखणं जवळजवळ गेलं. सहाव्या दिवशी सर ज्वारीची भाकरी आणि ठेचा जेवले, आणि संध्याकाळी सवयीप्रमाणे तंबाखूची चिमूट गालात गेली. नवव्या दिवशी टाके उसवले आणि तोंडात वाळूसारखे पांढरे कण येऊ लागले. सर दंतवैद्यांकडे न जाता आधी माझ्याकडे आले. तिथे बोलणी बसतील अशी भीती असावी.

"डॉक्टर, दुखायचं थांबलं होतं हो. मला वाटलं, झालं बरं."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. ताप उतरला की आपण बरे होतो, पोटातली कळ थांबली की बरे होतो. वेदना गेली म्हणजे आजार गेला, हा हिशेब आपण लहानपणापासून शिकलेलो असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. हाडाच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. ग्राफ्टनंतर तुमच्या तोंडात दोन घड्याळं चालू होतात. एक वेदनेचं, ते दिवसांवर चालतं. दुसरं हाडाचं, ते महिन्यांवर चालतं. पहिलं बंद पडलं की लोकांना वाटतं दुसरंही थांबलं.

ही दोन घड्याळं वेगळी आहेत हे डॉक्टरांनाही एका दिवसात कळलेलं नाही. त्यासाठी जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि त्यातले बरेच धडे दातांच्याच खुर्चीत शिकले गेले. तुम्हाला मिळणाऱ्या सूचनांच्या कागदावरच्या बहुतेक ओळींमागे यातली एखादी गोष्ट आहे. ती माहीत असली तर कागद पाळणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

आधी वेदनेचं घड्याळ

१० डिसेंबर १८४४. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात कोल्टन नावाचा एक माणूस 'हसवणाऱ्या वायू'चे, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचे खेळ करत होता. वायू हुंगलेला एक तरुण व्यासपीठावर धडपडला, त्याच्या पायाला चांगलंच लागलं, पण त्याला ते कळलंच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता. बाकीचे हसत होते, तेव्हा हा त्या पायाकडे बघत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ उपटून घेतली. दुखलं नाही.

पुढे १८४५ साली बोस्टनमध्ये त्याने हेच प्रात्यक्षिक केलं. वायू कमी पडला असावा, पेशंट ओरडला आणि वेल्सची चेष्टा झाली. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने त्याच शहरात ईथर वापरून यश मिळवलं आणि श्रेय त्याच्याकडे गेलं. वेल्स क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवर करत त्याच्या आहारी गेला आणि १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीवन संपवलं. भूलशास्त्राचा पाया दंतवैद्यांनी घातला, ही गोष्ट आम्हा फिजिशियन लोकांना कुणी फारशी आवर्जून सांगत नाही.

पण झोपवून दात काढणं एक आणि जागं ठेवून तेवढाच भाग बधिर करणं दुसरं. तुमचा बोन ग्राफ्ट बहुधा दुसऱ्या पद्धतीने होतो. तिची सुरुवात १८८४ ची. त्या वर्षी व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर होतो हे दाखवलं. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी सुईने कोकेन मज्जातंतूजवळ सोडू लागले. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी एक इंजेक्शन दिलं की त्या बाजूचे सगळे दात आणि अर्धा ओठ बधिर होतो, हे त्यांनी दाखवलं. आज तुमचे दंतवैद्य तोंड मोठं उघडायला लावून मागच्या बाजूला जी सुई देतात, तिचा उगम इथे आहे. हे प्रयोग त्या मंडळींनी एकमेकांवर केले. हॉल्स्टेड पुढे जगप्रसिद्ध सर्जन झाला, पण व्यसनातून पूर्ण सुटला नाही.

कोकेनला पर्याय हवा होता. १९०५ च्या सुमारास जर्मनीत प्रोकेन आलं. त्याच काळात हाइनरिश ब्राउन या सर्जनने भुलेच्या औषधात अॅड्रेनॅलिन मिसळलं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, औषध जागेवर टिकतं आणि बधिरपणा लांबतो. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केलं. आपल्याकडे बहुतेक जण त्याला झायलोकेन म्हणून ओळखतात. लुंडक्विस्टने तेही स्वतःला टोचून बघितलं होतं. हा सगळा इतिहास स्वतःला सुया टोचून घेणाऱ्यांचा आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. अॅड्रेनॅलिनसह दिलेल्या लिडोकेनने ओठ आणि गाल साधारण तीन ते पाच तास बधिर राहतात. नंतर ते उतरतं, आणि जखम तर तिथेच असते. ऑपरेशननंतरचे बहुतेक घाबरलेले फोन याच वेळेला येतात, रात्री नऊ-दहाला. "दुपारी काही नव्हतं, आता एकदम सुरू झालं." एकदम काही सुरू झालेलं नसतं. पडदा उठलेला असतो.

पडद्यामागे काय चाललेलं असतं हे १९७१ पर्यंत नीट माहीतच नव्हतं. अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं, कोट्यवधी लोक ते घेत होते, पण ते नेमकं काय करतं हे कुणी सांगू शकत नव्हतं. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात आणि अॅस्पिरिन ती तयार होणंच थांबवतं. याबद्दल त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. सूज, लाली, ठणका, स्पर्श सहन न होणं, या सगळ्यांत या रसायनांचा मोठा हात असतो. म्हणजे गोळी तयार झालेला ठणका पुसत नाही, तो तयार करणारं यंत्र मंदावते. मग ती ठणका जोरात सुरू झाल्यावर घ्यायची की आधी?

याचं उत्तर अक्कलदाढांनी दिलं. १९७६ मध्ये अमेरिकेत स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी वेदनाशामकं तपासण्याची एक पद्धत मांडली. अक्कलदाढ काढून घेणारे बहुतेक जण तरुण आणि निरोगी असतात, सगळ्यांचं ऑपरेशन जवळपास सारखं असतं आणि भूल उतरली की सगळ्यांना दुखतं. त्यांना वेगवेगळ्या गोळ्या द्यायच्या आणि किती दुखतंय हे तासातासाला लिहून घ्यायचं. इतकी साधी कल्पना, पण तेव्हापासून जगातली बहुतेक नवी वेदनाशामकं या परीक्षेला बसली आहेत. १९७८ मध्ये रेमंड डायन आणि कूपर यांनी आयबुप्रोफेन ऑपरेशनच्या आधीच देऊन पाहिलं. दुखणं उशिरा सुरू झालं आणि कमी झालं.

आयबुप्रोफेनचीही एक गंमत आहे. ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट अॅडम्स यांनी शोधलं. पुढे मॉस्कोच्या एका परिषदेत भाषण होतं आणि आदल्या रात्री व्होडका जास्त झाली होती. अॅडम्सनी डोकेदुखीवर आपलंच औषध, ६०० मिलिग्रॅम, घेऊन बघितलं. भाषण पार पडलं. (हा प्रयोग करू नका. दारू आणि ही गोळी एकत्र पोटात जखम करू शकतात.)

अक्कलदाढांच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट वारंवार दिसली. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतले तर एकट्या कोणत्याही गोळीपेक्षा जास्त आराम मिळतो. दोघांचे रस्ते वेगळे आहेत, म्हणून ते एकमेकांना पूरक ठरतात. अमेरिकेत अनेक वर्षं दंतवैद्य अफूच्या जातीच्या गोळ्या सर्रास लिहून देत. कित्येक तरुणांच्या हातात आयुष्यातली पहिली तशी गोळी अक्कलदाढेनंतरच पडली. २०२४ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली पसंती स्पष्टपणे आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांना आहे, एकट्या किंवा पॅरासिटामॉलसोबत. आपल्याकडे ट्रामाडॉलची चिठ्ठी मिळाली तर "याची खरंच गरज आहे का?" असं विचारायला संकोच करू नका.

तर पहिली गोळी बधिरपणा उतरण्याआधी, काही खाऊन घ्या. पुढचे दोन-तीन दिवस दुखण्याची वाट न बघता डॉक्टरांनी दिलेल्या वेळेनुसार घ्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरायला लागते. सकाळी आरशात बघून दचकू नका. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाहेरून, पंधरा-वीस मिनिटं लावायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. उशी एक जास्त घ्या. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक या दिवसांत नको. आजी सांगेल, पण नको. आणि लवंगेचं तेल टाक्यांवर अजिबात नको. दुखऱ्या दाताला त्याने बरं वाटतं हे खरं, पण उघड्या जखमेच्या पेशी ते जाळतं.

इथे फिजिशियन म्हणून माझं खरं दुखणं सांगतो. दंतवैद्यांनी दिलेल्या गोळीने अर्ध्या तासात फरक पडला नाही की लोक केमिस्टकडून आणखी एक आणतात. मग शेजारी तिसरी देतो. नावं तीन, रंग तीन, आणि आत डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, म्हणजे एकाच घराण्यातले तीन भाऊ. माझ्या एका पेशंट बाई दाताच्या ऑपरेशननंतर पाच दिवसांनी आल्या त्या पायांना सूज घेऊन, क्रिएटिनिन दुप्पट. ब्लडप्रेशरची गोळी चालू होतीच, पाणी कमी पीत होत्या कारण तोंड दुखत होतं, आणि त्यावर हे तीन भाऊ. मूत्रपिंड वाचलं, पण दोन आठवडे आमची झोप उडाली. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाव नको, घटक वाचा. पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळ्यांतही दडलेलं असतं. प्रौढ माणसासाठी २४ तासांत सगळं मिळून चार ग्रॅम ही शेवटची सीमा आहे. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर ती आणखी खाली येते. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदय कमजोर असणं, अॅस्पिरिनने दमा उठणं, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेनच्या घराण्याला हात लावण्याआधी आम्हाला विचारा. आणि पावसाळ्यात ऑपरेशननंतर जोराचा ताप आला तर तो दाताचाच असेल असं धरून चालू नका. डेंग्यूमध्ये याच गोळ्या रक्तस्राव वाढवतात.

आता हाडाचं घड्याळ

ही गोष्ट जास्त जुनी आहे आणि एका कुत्र्यापासून सुरू होते. अॅमस्टरडॅमचे सर्जन योब फान मेकेरेन यांच्या १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका रशियन सरदाराची हकिगत आहे, त्यांनीही ती दुसऱ्याकडून ऐकलेली. तलवारीच्या वाराने सरदाराच्या कवटीचा तुकडा उडाला होता. सर्जनने त्या जागी कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला आणि तो बसला. पण चर्चला हे कळलं तेव्हा माणसाच्या डोक्यात जनावराचं हाड म्हणून सरदाराला बहिष्कृत केलं गेलं. बिचारा परत सर्जनकडे गेला, काढा म्हणून. तोवर ते हाड इतकं पक्कं धरलं होतं की काढता येईना.

साडेतीनशे वर्षं झाली, पण दवाखान्यात अजून हाच प्रश्न येतो. "डॉक्टर, हे हाड कुणाचं?" प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त तो ऑपरेशनच्या आधी विचारायला हवा. बोन ग्राफ्टसाठी चार ठिकाणांहून सामग्री येते. तुमचं स्वतःचं हाड, हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून. दान केलेलं मानवी हाड. जनावराचं हाड, बहुतेक वेळा गुरांचं, ज्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून फक्त खनिजाचा सांगाडा ठेवलेला असतो. आणि कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं. वरून झाकायला जो पातळ पडदा वापरतात तोही अनेकदा गुरांच्या किंवा डुकराच्या कोलॅजनचा असतो. कुणाचा धर्म, कुणाचा शाकाहार, कुणाची नुसती मनाची अडचण. दंतवैद्यांना सांगा, पर्याय असतात. मानवी हाडासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दान केलेल्या ऊतींवर प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ती रुग्णालयांना देते, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांसाठीही हे हाड वापरलं जातं.

पण कुणाचंही असलं तरी ते हाड तुमच्या तोंडात 'रुजतं' का? शंभर वर्षं सर्जन लोकांमध्ये याच प्रश्नावर वाद होता. १८८० मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकएवन यांच्याकडे एक लहान मुलगा होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचं हाड जवळपास सगळं गेलं होतं, हात लोंबकळत होता. मॅकएवन त्या काळात मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करत, आणि त्यात हाडाच्या पाचरी कापून काढाव्या लागत. एरवी फेकून दिल्या असत्या त्या पाचरींचे तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात टप्प्याटप्प्याने बसवले. हाड तयार झालं. मुलगा मोठा होऊन त्या हाताने काम करू लागला. मॅकएवनना वाटलं, बसवलेले तुकडेच जगले आणि वाढले.

१८९० च्या दशकात जर्मनीत आर्थर बार्थ यांनी ग्राफ्टचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि वेगळंच दिसलं. बसवलेलं हाड बरंचसं मरतं. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्या मागून पेशी येतात, मेलेलं हाड कुरतडतात आणि त्या जागी नवं घालतात. रांगत रांगत, एका कडेकडून. शिकागोच्या डॅलस फेमिस्टर यांनी १९१४ मध्ये या संथ अदलाबदलीसाठी वापरलेला शब्द आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

तुमच्या दृष्टीने सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे. ग्राफ्ट म्हणजे लावलेलं रोप नव्हे, तो वेलीसाठी बांधलेला मांडव आहे. वेल तुमच्याच शरीरातून चढायची आहे. पहिले काही दिवस तिथे फक्त रक्ताची गुठळी आणि कण असतात. ती गुठळी म्हणजे पहिला धागा. म्हणून पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, पाणी आलं तर तोंड वाकवून नुसतं पडू द्यायचं. म्हणून स्ट्रॉ नको, कारण ओढल्याने तोंडात पोकळी तयार होते आणि गुठळी हलते. म्हणून जिभेने चाचपून बघायचं नाही, हा मोह सगळ्यात कठीण. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चूळ, जोर न लावता. वरच्या दाढांच्या जागी सायनसच्या तळाशी हाड भरलं असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

आणि तंबाखू. इथे मी जरा कडक होतो. निकोटीनने त्या कोवळ्या रक्तवाहिन्या आवळतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायू अडवतो. आपल्याकडे प्रश्न फक्त सिगारेटचा नाही. गालात धरलेली चिमूट, गुटखा, आणि ज्याला कुणी तंबाखू मानतच नाही ती मिश्री. "मी व्यसन काही करत नाही, फक्त सकाळी मिश्री लावते" असं सांगणाऱ्या माझ्या पेशंट बायका कमी नाहीत. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे, आणि तो थेट टाक्यांवर चोळला जातो.

दुसरा मोठा धडा पहिल्या महायुद्धाने दिला. खंदकातल्या लढाईत डोकं वर काढलं की गोळी चेहऱ्यावर बसे. इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात सर्जन हॅरल्ड गिलीज आणि दंतवैद्य विल्यम केल्सी फ्राय यांनी जबडा उडालेले शेकडो सैनिक सांभाळले. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. उघड्या, पू असलेल्या जबड्यात बसवलेलं हाड टिकत नाही हे युद्धाच्या काळात अनेक सर्जन फार किंमत मोजून शिकले. आधी जखम पूर्ण भरू द्यायची, संसर्ग संपून काही महिने जाऊ द्यायचे, मगच हाड. तोंड ही जंतूंची जत्रा आहे आणि ग्राफ्ट तिच्यापासून फक्त हिरडीच्या एका पातळ थराने वेगळा असतो. तो थर उसवला की जत्रा आत. सरांच्या भाकरीने हेच केलं.

म्हणून दहा-पंधरा दिवस मऊ खा. मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, कोमट पेज, दही, मऊ उपमा, शिजवलेल्या भाज्या. चिवडा, शेंगदाणे, तीळ आणि भाकरी नंतर. चावायचं ते दुसऱ्या बाजूने. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला असेल तर सांगितले तेवढेच दिवस वापरा. त्याने चव बिघडते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर साफ होतात. पहिल्या काही दिवसांत दोन-चार कण सुटून तोंडात आले तर घाबरू नका, मूठभर आले तर लगेच दाखवा.

मांडवावर वेल पूर्ण चढायला किती वेळ लागतो? हे शिकवलं स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी. १९५० च्या दशकात ते सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर उपकरण काढायला गेले तर निघेना. हाडाने धातू धरला होता. (कुत्र्याच्या हाडाची आठवण झाली का?) १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या पहिल्या पेशंटला त्यांनी असे स्क्रू जबड्यात बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर ते कामात होते. ब्रोनेमार्क यांचा नियम असा होता की स्क्रू बसवल्यावर खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्यावर भार द्यायचा नाही. आज काही ठिकाणी घाई करता येते, पण ग्राफ्टनंतर चार ते सहा महिने, मोठा ग्राफ्ट असेल तर जास्त, ही वाट बघणं अजून चुकत नाही. या महिन्यांत दुखत काहीच नाही. हाड गप्प राहून काम करतं, म्हणून तर ते विसरलं जातं.

मधुमेहात हे काम आणखी संथ होतं आणि जंतूंचं फावतं. एचबीए१सी आठच्या वर असेल तर मी सहसा ऑपरेशन पुढे ढकलायला सांगतो. तोंड दुखतं म्हणून जेवण बंद आणि इन्सुलिन मात्र चालू, असं करू नका, डोस आधी ठरवून घ्या. हृदयात स्टेंट असेल तर अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका. हिरडीतून जरा जास्त रक्त आलं तर ते दाबून थांबवता येतं, स्टेंट बंद पडला तर ते कठीण.

आणि एक गोष्ट जी पेशंट जवळजवळ कधीच आपणहून सांगत नाहीत. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसची वाफ हुंगणाऱ्या कामगारांचे जबडे कुजत. १८४५ मध्ये व्हिएन्नाच्या लोरिन्सर यांनी ते नोंदवलं, १८८८ मध्ये लंडनमधल्या आगपेटी कामगार मुलींनी संप केला तेव्हा कामाच्या जाचाबरोबर या रोगाचाही बोलबाला झाला, आणि भारतातही १९१३ च्या कायद्याने अशा आगपेट्यांवर बंदी आली. रोग संपला असं सगळ्यांना वाटलं. २००३ मध्ये अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी तसेच उघडे पडलेले, मेलेले जबडे पुन्हा नोंदवले. हे पेशंट बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं घेत होते, बहुतेकांना कॅन्सर हाडात पसरला होता आणि ती शिरेतून दिली जात होती. हाड ठिसूळ झालं म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून मिळणारं झोलेड्रोनिक अॅसिड याच गटातलं आहे. त्या डोसला धोका फार कमी आहे, आणि मांडीचं हाड वाचवणारं हे चांगलं औषध आहे. पण जबड्याला हात लावणाऱ्या माणसाला ते माहीत असलंच पाहिजे. "रोजच्या गोळ्या कोणत्या?" असं विचारल्यावर वर्षातून एकदाचं इंजेक्शन कुणाला आठवत नाही. त्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फोन कधी करायचा तेही सांगतो. दुखणं तिसऱ्या दिवसापर्यंत वाढलं तर ते बहुधा ठरलेलंच आहे. उतरायला लागलेलं दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढलं, सूज परत आली, तोंडाला घाण चव आली, पू दिसला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. अर्धा तास कापसाचा बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर दंतवैद्यांना कळवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, जीभ वर उचलली जाणं, गळ्याखाली टणक सूज यांपैकी काहीही असेल तर फोन करत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.

सरांच्या दंतवैद्यांनी ती जागा साफ केली आणि चार महिन्यांनी, साखर आटोक्यात आल्यावर, पुन्हा ग्राफ्ट केला. सर माझ्याकडे बीपी दाखवायला आले तेव्हा त्यांनी मोबाईलमध्ये घरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयचा फोटो दाखवला. एका तारखेला निळं वर्तुळ होतं, गोळ्या संपण्याचं. पानं उलटत पाच महिने पुढे गेल्यावर लाल वर्तुळ, एक्स-रेचं. मधल्या सगळ्या पानांवर कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांच्या पत्नीने लिहिलं होतं, "तंबाखू नाही."